टेबलक्लॉथवरचा मासा

जानेवारी संपत आला की सिंगापूरच्या सुपरमार्केटांच्या दारात संत्र्यांच्या पेट्या रचल्या जातात, छताला लाल कागदी मासे टांगले जातात आणि मला मळमळायला लागतं. घरच्यांना आता याची सवय झाली आहे. "हिचं पित्त चिनी पंचांगाप्रमाणे उठतं," असं श्रीकांत, माझा नवरा, पाहुण्यांना सांगतो. तो रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आहे, त्यामुळे आपला विनोद समोरच्याने ऐकून घेतलाच पाहिजे असं त्याला वाटतं.

पित्ताचा काही संबंध नाही. चिनी नववर्षाच्या त्या दिवसांत ऑफिसांची जेवणं असतात आणि प्रत्येक जेवणाची सुरुवात युशेंगने होते. मोठ्या ताटात गाजर-मुळ्याचा रंगीत कीस, कुरकुरीत पापड्या, वर कच्च्या सामन माशाचे काप आणि त्यावर प्लमचा गोड सॉस. टेबलाभोवती सगळ्यांनी उभं राहायचं, लांब चॉपस्टिक्सनी ते सगळं एकत्र उचलायचं आणि हवेत उडवायचं. याला म्हणायचं लो हेई. जितकं उंच उडेल तितकी बरकत. "वर्षानुवर्षं शिल्लक राहो," असं ओरडत ओरडत माणसं मासा टेबलक्लॉथवर, खुर्च्यांवर, एकमेकांच्या बाह्यांवर उडवतात. मग चवीपुरता एकेक घास खातात आणि पुढच्या पदार्थाकडे वळतात. शेवटी वेटर येऊन टेबलक्लॉथची चार टोकं धरतो आणि त्या सगळ्याचं गाठोडं करून घेऊन जातो. माझी मळमळ त्या गाठोड्याची आहे.

नेमक्या त्याच दिवसांत माझ्या फोनवर एका शब्दाचा निरोप येतो. "आले."

निरोप सिग्रिडचा. ती नॉर्वेच्या पार उत्तरेच्या किनाऱ्यावर, एका बेटावर राहते आणि स्वतःची छोटी बोट चालवते. आले म्हणजे कॉड आले. थंड समुद्रातले मोठे मासे अंडी घालायला किनाऱ्याजवळ येतात, ते दोन-तीन महिने तिथला हंगाम. मी बुकित पंजांगच्या माझ्या स्वयंपाकघरात उभी असते, पंखा फिरत असतो, बाहेर वाळत घातलेले कपडे पावसात भिजत असतात, आणि तो शब्द वाचला की माझ्या बोटांची टोकं गार पडतात.

मी गोठवलेली मासळी आयात करणाऱ्या एका कंपनीत खरेदी बघते. ऑफिस वन-नॉर्थला, शीतगृह जुराँगला. काही वर्षांपूर्वी कंपनीने मला एक अख्खा हंगाम त्या बेटावर पाठवलं होतं. माल कसा उतरतो, कसा साफ होतो, कसा गोठवतात ते शिकून ये म्हणून. अन्वी, माझी मुलगी, तेव्हा प्राथमिक शाळेत होती. ओळखीच्या बायकांनी "इतके दिवस लेकीला सोडून?" असं विचारून घेतलं. मी बॅगेत आमसुलं आणि मसाल्याची बरणी भरली आणि गेले.

मला सहज किळस येत नाही, हे आधी सांगते. आई अलिबागची. आमच्या घरी मासे साफ करणं हे भांडी घासण्याइतकंच साधं काम होतं. तरी त्या बेटावरच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी शिरले तेव्हा मी तोंडाने श्वास घ्यायला लागले. माणसाच्या मांडीएवढे मासे, पट्ट्यावरून सरकत येणारी आतडी, पायाखाली बर्फ, पाणी आणि माशांचा चिकट ओशटपणा. रबरी हातमोजे घातले तरी वशट वास नखांत जायचा आणि तिथेच राहायचा. बाहेर दुपार म्हणजे निळसर संधिप्रकाश. सूर्य नुकताच डोंगराआडून डोकावायला लागला होता आणि डोकावला की लगेच परत जायचा, जसा काही त्यालाही वास आला असावा.

त्या पहिल्याच दिवशी मी आईने शिकवलेली परीक्षा केली. कल्ला लाल, डोळा टच्च, मगच पिशवी उघडायची. मी एका माशाचा कल्ला उघडला. पांढुरका. दुसऱ्याचाही पांढुरका. पुढच्या पेटीतही तेच.

"हा माल शिळा आहे," मी म्हणाले. "कल्ले पांढरे पडलेत."

शेडमधल्या सुऱ्या थांबल्या. पलीकडच्या टेबलाशी नारिंगी डांगरी घातलेली, माझ्याच वयाची, रुंद खांद्यांची बाई होती. तीच सिग्रिड. माल तिच्याच बोटीचा होता. तिने हातातला मासा खाली ठेवला आणि मला नीट न्याहाळलं.

"हा सकाळी माझ्याशी भांडत होता," ती म्हणाली. "बोटीवर घेतल्याघेतल्या आम्ही गळा कापतो आणि वाहत्या पाण्यात रक्त जाऊ देतो. म्हणून मांस पांढरं राहतं. कल्ला लाल असता तर मी आळशी आहे असं समजायचं. तुमच्याकडे रक्त काढत नाहीत?"

"आमच्याकडे रक्त बघून घेतात."

"मग तुमच्याकडे सगळे आळशी."

शेडभर हसू पसरलं. हंगामभर माझं नाव 'लाल कल्ला' पडलं. बोटी परत येताना रेडिओवर विचारायच्या, "लाल कल्ला धक्क्यावर आहे का? तिला सांग, आजचेही पांढरेच आहेत."

सिग्रिडच्याच घरी वरची खोली मला भाड्याने दिली होती. ती कॉड नुसता मिठाच्या पाण्यात उकडायची, बाजूला त्याचंच काळीज आणि त्याचीच गाबोळी. मी एकदा आमसुलाचं सार करून दिलं. तिने एक घोट घेतला आणि विचारलं, "कशावरचं औषध आहे हे?" तिथली माणसं काही संत नव्हेत. कॉफी पातळ, बोलणं त्याहून पातळ. शेजाऱ्याच्या घटस्फोटावर आठवडाभर चर्चा. किनाऱ्यावर जुन्या जाळ्यांचे आणि प्लॅस्टिकच्या दोऱ्यांचे ढीग पडलेले असायचे. "हे कोणाचं?" असं विचारलं की सगळे समुद्राकडे बोट दाखवायचे. मला त्या ढिगांचीही किळस आली होती आणि तसं मी तोंडावर सांगितलं होतं. तिथून येणारा प्रत्येकजण बर्फ, शांतता आणि निळ्या उजेडाबद्दल बोलतो. मला तीन महिने पाठदुखी होती.

पण एक गोष्ट तिथे बघितली, आणि तिच्यामुळेच मला इथलं टेबलक्लॉथ सहन होत नाही.

तिथे मासा वाया जात नाही. मांस आमच्यासारख्यांना. काळजाचं तेल. गाबोळी खारवून. गालांचे तुकडे आणि जिभा वेगळ्या काढतात. जिभा कापायचं काम शाळा सुटल्यावर पोरांचं, आणि त्या पैशांवर त्यांचा हक्क. मुंडकी दोरीत ओवून लाकडी मांडवांवर वाळत घालतात, आपल्याकडे बोंबील वलांडीवर घालतात तशीच. मग ती पार आफ्रिकेत रश्श्यासाठी जातात. मार्चच्या वाऱ्यात ती हजारो मुंडकी एकमेकांवर आपटून लाकडी टकटक आवाज करायची. गावाला वाऱ्याबरोबर सडका, खारट वास यायचा. मी नाकाला रुमाल लावला की सिग्रिड म्हणायची, "आमचा अत्तराचा कारखाना आहे तो."

एकदा एका बोटीने कॉडबरोबर दोन पेट्या भलत्याच माशांच्या आणल्या. काही लहान, काही इतके कुरूप की बघवत नाहीत, पुढे आलेले दात, सुरकुतलेली कातडी. मी कॉफीच्या खोलीत सहज विचारलं, "एवढं ओझं कशाला आणलं? फेकून का नाही दिले?"

सिग्रिडने कप खाली ठेवला.

"इथे फेकत नाहीत. जे वर येतं ते घरी येतं."

"कायदा आहे?"

"कायदा आहेच. पण कायदा रोज बोटीवर नसतो. शेजारी असतो." मग तिने मला समजावलं. ती सहसा समजवायची नाही. मासा खोलातून वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. परत टाकला तरी तो मेलेलाच. प्रत्येक बोटीला वर्षाचं माप ठरवून दिलेलं असतं. त्या मापात फक्त मोठे, भाव मिळणारे मासे बसावेत म्हणून कोणी लहान मासे मारून समुद्रात टाकले, तर कागदावर समुद्र भरलेला दिसतो आणि खाली रिकामा होत जातो. "मोजला नाही म्हणून मासा जिवंत होत नाही," ती म्हणाली.

आणि मग मी ते धक्क्यावर बघितलं. बोट आत येते तेव्हा बोटीवरचा माणूस दोरी फेकतो आणि धक्क्यावर जो कोणी असेल तो ती धरून खुंटाला गुंडाळतो. भांडण असलं तरी. घटस्फोट झालेला नवराही बायकोच्या भावाची दोरी धरतो. ती बेटावरची रीत. मीही धरायला शिकले होते. त्या संध्याकाळी एक बोट आली. तिच्या मालकाला कोणीतरी बाहेर समुद्रात लहान मासे टाकताना बघितलं होतं. त्याने दोरी फेकली. धक्क्यावर सात-आठ जण होते. दोरी बर्फात पडली. कोणी हललं नाही. मी सवयीने पुढे झाले, तर सिग्रिडने माझ्या डांगरीची कॉलर मागून धरली.

तो माणूस शेवटी स्वतः उडी मारून उतरला, गुडघ्यावर पडला, उठला आणि स्वतःची बोट स्वतः बांधली. कोणी शिवी दिली नाही. नंतर काही दिवस त्याची दोरी अशीच पडत राहिली. मग एकदा त्याने दोन पेट्या लहान मासे आणून सगळ्यांसमोर उतरवले आणि दुसऱ्या दिवशी सिग्रिडने त्याची दोरी धरली. "झालं?" मी विचारलं. "झालं," ती म्हणाली. "रोज रोज कोण रुसणार? थंडी किती आहे."

या वर्षी "आले" असा निरोप आला त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात जेसनने बैठक घेतली. जेसन आमचा नवा विक्री-प्रमुख. तरतरीत, नम्र, त्याच्या प्रत्येक स्लाइडवर एक हिरवं पान असतं. आमच्या कॉडच्या खोक्यावर ते पान त्यानेच आणलं, 'सस्टेनेबल' या शब्दाशेजारी. त्याच बैठकीत तो म्हणाला, "रेस्टॉरंटना सेम साइझ हवी, शुभा. प्रत्येक प्लेट सारखी दिसली पाहिजे. तुझ्या बोटींना सांग, फक्त मोठे मासे. कॅन ऑर नॉट?"

"नाही. समुद्रात सेम साइझ नसते."

"मग मोठ्या ट्रॉलरकडून घेऊ. ते बोटीवरच प्रतवारी करून देतात."

"आणि बाकीच्यांचं ते काय करतात?"

"तो त्यांचा प्रश्न," जेसन म्हणाला आणि पुढच्या स्लाइडवर गेला. तिथेही पान होतं.

पांढऱ्या टेबलाशी, एसीत बसून, हातात कॉफीचा कागदी कप धरून मला त्या शेडमध्ये कधी आली नव्हती इतकी किळस आली. आतड्यांचा वास निदान खोटं बोलत नाही.

मी सिग्रिडला फोन केला. "मला एकाच मापाचे मासे जन्माला घालता येत नाहीत," ती म्हणाली. "तुमच्या जेसनला हवं ते द्यायचं तर लहान मासे बाहेर टाकावे लागतील. मी टाकणार नाही. पण तुमची ऑर्डर गेली की शेड बंद. पुढचं बंदर माझ्या बोटीला झेपणारं नाही, या हवेत तर नाहीच. माझ्यासारख्या आणखी पाच बोटी आहेत." तिने दम घेतला. "रडून सांगत नाहीये. हवामान सांगतात तसं सांगते आहे."

मी कामाला लागले. आमच्या बुकित पंजांगच्या हॉकर सेंटरमध्ये फिश सूप विकणारे एक काका आहेत. वर्षानुवर्षं मी त्यांच्याकडे रांगेत उभी राहते. त्यांना नमुन्याचा लहान कॉड नेऊन दिला आणि साइझचं विचारलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आंटी, मी कापूनच घालतो. गिऱ्हाईक वाडग्यापुढे पट्टी घेऊन बसत नाही." त्यांनी घेतो म्हटलं, त्यांच्या ओळखीच्या आणखी काही सूपवाल्यांनी घेतो म्हटलं. मोठे मासे रेस्टॉरंटना, लहान सूपवाल्यांना. सरळ हिशेब. जेसनला सांगितलं तर म्हणाला, "टू मेसी, ला." मालक मिस्टर लिम म्हणाले, बघू, नववर्षानंतर बघू. नववर्षानंतर म्हणजे हंगाम अर्धा संपल्यावर.

आणि मग ते जेवण आलं. रॅफल्स प्लेसजवळचं रेस्टॉरंट, गोल टेबल, मधोमध युशेंगचं ताट, वर सामनचे पातळ गुलाबी काप फुलासारखे मांडलेले. मिस्टर लिम सत्तरीचे आहेत आणि लो हेईच्या बाबतीत कडक. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाच्या चॉपस्टिक्स ताटात हव्यात. एके वर्षी हिशेबनीस ऐन वेळी बाथरूममध्ये होता आणि त्याच वर्षी शीतगृहाचा कॉम्प्रेसर बसला, हे ते आजही त्या हिशेबनिसाच्या देखत सांगतात.

वेट्रेसने सॉस ओतला, तीळ भुरभुरवले, प्रत्येक पदार्थाबरोबर एकेक शुभवचन म्हटलं. सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले. सगळ्यांच्या चॉपस्टिक्स ताटात गेल्या. माझ्या टेबलावरच होत्या. मी काही ठरवून आले होते असं नाही. बर्फात पडलेली दोरी मात्र मला अगदी स्वच्छ दिसत होती.

"शुभा, कम, कम," मिस्टर लिम म्हणाले.

"मिस्टर लिम, उत्तरेच्या बोटींचं काय ठरलं?"

"आत्ता? सीरियसली?" जेसन म्हणाला.

"जेवण झाल्यावर बोलू," मिस्टर लिम म्हणाले.

"जेवण झाल्यावर माझ्या हातात काही नसतं."

कोणीतरी हसलं आणि थांबलं. हिशेबनीस माझ्याकडे कृतज्ञतेने बघत होता. या वर्षीचा अपशकून त्याच्या नावावर जाणार नव्हता. मिस्टर लिमनी माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या चॉपस्टिक्सकडे बघितलं. दिव्याखाली सामन कोमट होत चालला होता.

"लहान मासा कोण घेणार?"

"सूपवाले. बोलून झालंय."

"नाही विकला गेला तर?"

"तर पुढच्या वर्षी माझं ऐकू नका."

जेसन काही बोलायला गेला. मिस्टर लिमनी हात वर केला. "वन सीझन," ते म्हणाले. "ओन्ली वन. आता उचल."

मी उचलल्या. आणि खोटं कशाला सांगू, मी सगळ्यांपेक्षा उंच उडवलं. सामनचा एक काप जेसनच्या चष्म्यावर बसला. "शिल्लक राहो, शिल्लक राहो," सगळे ओरडत होते आणि मासा टेबलक्लॉथवर पडत होता. थोड्या वेळाने वेटर आला, त्याने चार टोकं धरली आणि गाठोडं नेलं. त्यात अख्ख्या घराचं जेवण होतं. सौदा झाला म्हणून ते काही स्वच्छ झालं नव्हतं. एक हंगाम मी त्याच ताटातून उचलून घेतला होता, आणि ताट तसंच होतं.

घरी आले तर अन्वी दारातच नाक मुरडून म्हणाली, "आई, यू स्मेल सो स्वीट, ला. सॉसमध्ये पडलीस का?" मी कुर्ता भिजत घातला. बाहीवरचा प्लमचा डाग अजून आहे. त्या हंगामातल्या माझ्या डांगरीचा वास दोन धुण्यांत गेला होता.

सिग्रिडला कळवलं. या हंगामापुरतं, सगळी मापं. कसं मिळवलं तेही लिहिलं. तिचं उत्तर आलं: "म्हणजे तू दोरी धरली नाहीस. छान. आजचे पण पांढरेच आहेत." फेब्रुवारीच्या शेवटी पहिला माल जुराँगला उतरला. लहान मासा सूपात गेला आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. काका म्हणाले, आणखी आहे का? मी म्हणाले, समुद्राला विचारावं लागेल. त्यांना ते उद्धट वाटलं असावं.

या सोमवारी जेसनची मेल आली, सगळ्यांना. लो हेईत अन्नाची फार नासाडी होते, कपडे खराब होतात, आपल्या हिरव्या प्रतिमेला ते शोभत नाही, तेव्हा पुढच्या वर्षापासून लो हेई बंद करून साधा बुफे ठेवावा. ज्याने त्याने आपापलं वाढून घ्यावं, आपापल्या जागी बसून खावं. खाली हिरवं पान. मी ती मेल दोनदा वाचली. त्यातलं प्रत्येक वाक्य मी गेली कित्येक वर्षं घरी, श्रीकांतला, अन्वीला, लिफ्टमध्ये शेजारणीला ऐकवत आले आहे. एका अक्षराशीही माझा मतभेद नाही. पण बुफेत कोणी कोणाच्या चॉपस्टिक्ससाठी थांबत नाही.

मी खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर लिहिलं, मिस्टर लिमना प्रत ठेवून. लो हेई बंद करू नये. इतक्या वर्षांची आपली परंपरा आहे, आणि टेबलाभोवती सगळे असलेच पाहिजेत.